दात, चणे आणि पेटंट

'दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत' या म्हणीतला दात आम्ही वर्गात नेहमी अलंकार म्हणूनच शिकवत आलो. दैवाचा उफराटा न्याय, साधन आणि संधी यांची चुकामूक, असे तिचे स्पष्टीकरण द्यायचे आणि पुढच्या म्हणीकडे वळायचे. ही म्हण प्रथम ज्याने उच्चारली त्याचे दात खरोखरीच पडलेले असतील, आणि दात शाबूत होते त्या वयात चणे विकत घ्यायला त्याच्यापाशी पैसे नसतील, हे आमच्या मनातही कधी आले नव्हते. ते आले गेल्या वर्षी, आमच्या आईची दाढ दुखू लागली तेव्हा.

दंतवैद्य बाई तरुण होत्या, बोलायला मृदू होत्या. एक्स-रे पाहून त्यांनी दोन आकडे सांगितले. दाढ काढायची तर सातशे रुपये. रूट कॅनाल करून वर कॅप बसवायची तर साडेनऊ हजार, आणि चार-पाच खेपा. आई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. हिशेब तिला सांगावा लागत नाही. खुर्चीवरून न उठताच ती म्हणाली, "काढून टाका." पैशांची काळजी करू नकोस, असे आम्ही म्हणालो. ज्या आवाजात म्हणायला हवे त्याच आवाजात म्हणालो. त्यावर तिचे उत्तर असे : "दाढ म्हातारी, मी म्हातारी. साडेनऊ हजारांची टोपी कुणाला घालतोस?"

दंतवैद्यक हा आमचा विषय नव्हे. परंतु त्या खुर्चीशेजारी उभे असताना जी निवड आमच्यासमोर आली, ती करण्याची वेळ आजवर किती जणांवर आणि कशी आली असेल, या कुतूहलाने पुढचे काही महिने आम्ही जे मिळेल ते वाचत गेलो. वाचनातून एक गोष्ट मनावर ठसली. दातांच्या दुखण्याचा इतिहास आणि दातांच्या खर्चाचा इतिहास हे दोन वेगळे इतिहास नाहीत. दुखणे कमी करण्याचा उपाय जेव्हा जेव्हा सापडला, तेव्हा तेव्हा तो कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न लगोलग उभा राहिला. आणि ज्याला तो परवडला नाही त्याने दाताने किंमत मोजली.

आरंभीच्या काळाविषयी फार लिहीत नाही. दात 'किडतो' असे आपण आजही म्हणतो, त्या क्रियापदात हजारो वर्षांची एक समजूत सुखरूप राहिली आहे. दाताच्या आत कीड राहते आणि तीच दात पोखरते, ही ती समजूत. बॅबिलोनच्या एका मंत्रात किडा देवाकडे दात आणि हिरडी यांच्यामध्ये राहायला जागा मागतो. सुश्रुताच्या दंतरोगांमध्ये 'कृमिदंतक' आहे. युरोपात खुरासानी ओव्याच्या, तर आपल्याकडे रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून तो धूर तोंडात घेत, आणि भांड्यात पडलेल्या बारीकसारीक कणांकडे बोट दाखवून वैदू म्हणे, हे पाहा किडे. खुरासानी ओव्यात गुंगी आणणारी द्रव्ये असतात, त्यामुळे रोग्याला थोडा गुण येतही असे. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ साली दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध करून आपल्या विद्येला शास्त्राचे रूप दिले. त्यात त्याने, शोधूनही आपल्याला ही कीड दिसली नाही, असे नोंदवले. शास्त्रातून कीड गेली. भाषेतून गेली नाही.

फोशारच्याच काळात पॅरिसमधल्या पाँ नफ पुलावर 'ग्राँ तोमा' म्हणून ओळखला जाणारा एक धिप्पाड इसम भर गर्दीत दात उपटत असे. असले दात काढणारे सोबत ढोल-ताशे बाळगत. वाद्यांनी गर्दी जमे, आणि किंचाळ्याही झाकल्या जात. या वाद्यांची गाठ आपल्याला पुढे पुन्हा पडणार आहे.

काढलेल्या दाताची जागा कशी भरायची? श्रीमंतांनी त्यासाठी पाणघोड्याच्या सुळ्यांपासून कोरलेल्या कवळ्या वापरल्या आणि त्यांत दुसऱ्या माणसांचे दात बसवले. जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ साली अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या माउंट व्हर्नन येथील जमाखर्चाच्या वहीत १७८४ सालची एक नोंद आहे : फ्रेंच दंतवैद्याच्या खाती, नऊ दातांबद्दल निग्रोंना दिले ६ पौंड २ शिलिंग. हे निग्रो बहुधा वॉशिंग्टन यांचेच गुलाम असावेत. आम्हाला ही नोंद वाचून धक्का बसला तो तिच्या कोरडेपणामुळे. पेंढा, खिळे, मीठ यांच्या नोंदी जशा असाव्यात तशीच ही. तोच दंतवैद्य वृत्तपत्रात जाहिरात देऊन समोरच्या एकेका दातामागे दोन गिनी देऊ करीत असे. गुलामांच्या वाट्याला आलेला भाव त्याच्या मानाने फारच थोडा होता. ते दात वॉशिंग्टनच्याच तोंडात बसले की नाही, याला पुरावा नाही. पण नऊ दात कोणाच्या तरी जबड्यातून निघाले, आणि भूल तर तेव्हा नव्हतीच, एवढे त्या ओळीवरून निश्चित कळते.

१८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर रणांगणावरच्या प्रेतांचे दात काढून विकले गेले आणि 'वॉटर्लूचे दात' हा शब्दप्रयोग रूढ झाला. साहित्याच्या विद्यार्थ्यांना या संदर्भात व्हिक्टर ह्यूगोची फांतीन आठवेल. १८६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'ले मिझेराब्ल'मध्ये ती मुलीच्या औषधासाठी समोरचे दोन दात चाळीस फ्रँकना विकते. हा प्रसंग करुणरसाच्या अतिरेकाचे उदाहरण म्हणून आम्हीही एकदा वर्गात सांगितला होता. वहीतली ती नोंद पाहिल्यानंतर तो अतिरेक आहे असे म्हणण्याचे धाडस आम्हाला होणार नाही.

आता वेदनेकडे. भुलीचा शोध शल्यचिकित्सकांनी लावला नाही, तो दंतवैद्यांनी लावला. सर्जनकडे माणूस मरणाच्या दारात असतानाच जाई आणि वेदना सोसे. दंतवैद्याकडे जाणे तो टाळू शकत असे, आणि टाळतच असे. वेदना ही दंतवैद्याच्या धंद्याची आड होती. १० डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड गावी गार्डनर कोल्टन नावाच्या गृहस्थाने नायट्रस ऑक्साइडचा, म्हणजे हास्यवायूचा, खेळ लावला होता. प्रेक्षकांतील काहींनी मंचावर यायचे, वायू हुंगायचा आणि हसत, नाचत, धडपडत लोकांची करमणूक करायची. सॅम्युएल कूली नावाच्या तरुणाच्या पायाला या गोंधळात जखम झाली. तो जागेवर येऊन बसला आणि रक्त दिसेपर्यंत त्याला पत्ताच नव्हता. शेजारी होरेस वेल्स हा दंतवैद्य बसला होता. वय वर्षे एकोणतीस. शेकडो लोकांनी जे पाहिले ते त्यानेही पाहिले, पण त्यातले मर्म त्याला एकट्यालाच दिसले. दुसऱ्याच दिवशी त्याने स्वतः तो वायू हुंगला आणि जॉन रिग्ज या सहव्यवसायीकडून आपली दाढ काढून घेतली. दुखले नाही.

वेल्सने पेटंट घेतले नाही. श्वासाच्या हवेसारखी ही गोष्ट सर्वांना मोकळी असावी, अशी त्याची इच्छा होती. जानेवारी १८४५ मध्ये तो बॉस्टनला गेला आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांसमोर त्याने प्रयोग केला. वायूची पिशवी लवकर काढली गेली असावी. दात निघताना रोगी कण्हला. 'थोतांड, थोतांड' असा गलका झाला. वेल्स गावी परतला आणि आजारी पडला.

विल्यम मॉर्टन हा वेल्सचा एके काळचा विद्यार्थी आणि भागीदार. त्याने वायूऐवजी ईथर वापरले. ३० सप्टेंबर १८४६ रोजी त्याने एका रोग्याचा दात विनावेदना काढला आणि १६ ऑक्टोबरला बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये, वयोवृद्ध सर्जन वॉरन मानेवरची गाठ काढत असताना, मॉर्टनने रोग्याला ईथर दिले. वैद्यकाच्या इतिहासात हाच दिवस भुलीचा म्हणून नोंदला गेला. मॉर्टनने आपल्या द्रवात वास आणि रंग लपवणारी द्रव्ये मिसळली, त्याला ग्रीक पुराणातल्या विस्मृतीच्या नदीवरून 'लेथिऑन' असे नाव दिले, आणि नोव्हेंबरमध्ये पेटंट मिळवले. वास काही लपला नाही. हे साधे ईथर आहे हे सर्वांनी ओळखले आणि पेटंटला कोणी भीक घातली नाही. मॉर्टन पुढची वीस वर्षे अमेरिकन काँग्रेसकडे एक लाख डॉलर मागत राहिला. ते मिळाले नाहीत. १८६२ साली न्यायालयाने त्याचे पेटंटही अवैध ठरवले. १८६८ साली तो कर्जबाजारी अवस्थेत वारला.

वेल्सचा अंत आधीच झाला होता. न्यूयॉर्कमध्ये स्वतःवर क्लोरोफॉर्मचे प्रयोग करता करता त्याचा तोल गेला, रस्त्यावर स्त्रियांच्या अंगावर आम्ल फेकल्याबद्दल तो पकडला गेला, आणि २४ जानेवारी १८४८ रोजी तुरुंगात क्लोरोफॉर्म हुंगून त्याने मांडीची रक्तवाहिनी कापून घेतली. पॅरिसच्या वैद्यक मंडळाने भुलीच्या शोधाचे श्रेय त्याला दिल्याची वार्ता त्याच्या मृत्यूनंतर येऊन पोहोचली. एकाने उपाय मोकळा ठेवला, दुसऱ्याने कुंपण घातले. दोघांनाही त्याने सुख दिले नाही. आम्हाला स्वतःला वेल्स जवळचा वाटतो, हे लपवण्याचे कारण नाही. मात्र ज्यांच्या चेहऱ्यावर ते आम्ल उडाले त्या स्त्रियांची नावे आम्हाला कोठे आढळली नाहीत, हेही लिहिले पाहिजे.

भुलीचा एक परिणाम कोणाच्याच ध्यानीमनी नव्हता. वेदना गेली म्हणून दात अधिक जाऊ लागले. पूर्वी माणूस भीतीपोटी दुखरा दात वर्षानुवर्षे वागवीत असे. आता एका बैठकीत तोंड मोकळे करता येऊ लागले. मग इतक्या बोळक्यांना कवळ्या हव्यात. सोन्याच्या पट्टीवरची कवळी धनिकांपुरती. हस्तिदंती कवळी तोंडात कुजे आणि तिला घाण येई. नेमक्या याच वेळी गंधक घालून कडक केलेले रबर, व्हल्कनाइट, हाती आले. हिरडीचा साचा घेऊन त्यावर ते हवे तसे बसवता येई आणि ते स्वस्तही होते. शिक्षक, कारकून, कारागीर यांना परवडेल अशी कवळी इतिहासात प्रथमच शक्य झाली होती.

पण १८६४ साली जॉन कमिंग्ज याला व्हल्कनाइटच्या कवळीचे पेटंट मिळाले आणि त्याचे हक्क 'गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनी'कडे आले. कंपनीने प्रत्येक दंतवैद्याकडे वार्षिक परवाना शुल्क आणि वर प्रत्येक कवळीमागे रक्कम मागितली. कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन याने वसुलीचे काम जवळजवळ धर्मकार्यासारखे अंगावर घेतले. तो गावोगाव फिरे, दंतवैद्यांवर पाळत ठेववी आणि फिर्यादी लावी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तेथेही कंपनीच जिंकली. सॅम्युएल चॅलफंट हा दंतवैद्य शुल्क भरायला तयार नव्हता. खटला लागला की तो गाव सोडी. डेलावेअरहून सेंट लुइस, तेथून सॅन फ्रान्सिस्को, आणि बेकन पाठीवर. १३ एप्रिल १८७९, ईस्टरचा रविवार. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाल्डविन हॉटेलात बेकनच्या खोलीत दोघांची गाठ पडली. चॅलफंटने पिस्तूल काढले आणि बेकन ठार झाला. आपल्या हातून ते नकळत सुटले, असा चॅलफंटचा बचाव होता. त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. व्यवसायबंधूंपैकी अनेकांची सहानुभूती मारणाऱ्याकडे होती. १८८१ साली पेटंटची मुदत संपली, कंपनीने ते पुढे चालवले नाही, आणि व्हल्कनाइट सर्वांचे झाले. दोन वर्षे थांबायचे होते, असे चॅलफंटला तुरुंगात कितीदा वाटले असेल!

पुढची शास्त्रीय प्रगती आता सर्वांच्या परिचयाची आहे. १८८४ साली कोकेनने डोळा बधिर करता येतो असे कार्ल कोलरने दाखवले आणि ती विद्या लगेच जबड्याकडे आली. विसाव्या शतकाच्या आरंभी नोव्होकेन आले. १९४३ साली स्वीडनमध्ये लिडोकेन तयार झाले. पायाने फिरवायचे कोरणीयंत्र १८७१ चे, आणि वाऱ्याच्या झोताने फिरणारा 'एअरोटर' १९५७ चा. आज खुर्चीत बसल्यावर आपल्याला जी धडकी भरते ती बहुतांशी त्या यंत्राच्या आवाजाची असते. वेदना गेली, तिचा आवाज मागे राहिला.

दुखणे आणि खर्च यांवरचा बाजारी तोडगा पाहायचा असेल तर एडगर पार्कर या अमेरिकन दंतवैद्याकडे जावे. दात काढायचे पन्नास सेंट, आणि दुखले तर उलट रोग्यालाच पाच डॉलर, अशी त्याची जाहिरात असे. गाडीवर खुर्ची, भोवती बँड. पाँ नफवरचे ढोल असे दोनशे वर्षांनी परत आले. एका दिवसात काढल्याचा दावा असलेल्या ३५७ दातांची माळ तो गळ्यात घाली. खोट्या नावाने व्यवसाय करण्यास कायद्याने बंदी आली तेव्हा १९१५ साली त्याने आपले नाव कायदेशीररीत्या 'पेनलेस' असे बदलून घेतले. तो भोंदू होता, असे त्याचे व्यवसायबंधू म्हणत, आणि ते खोटे नव्हे. परंतु ज्यांना शिष्ट दंतवैद्यांच्या पायऱ्या चढणे परवडत नव्हते अशा लोकांची रांग त्याच्यापुढे लागे, हेही खोटे नव्हे.

ब्रिटनमधील तोडगा अधिक गंभीर, आणि आमच्या मते अधिक शोकात्म आहे. तेथील कामकरी वर्गात तरुण मुलीला लग्नापूर्वी सगळे दात काढून कवळी बसवून देण्याची रीत होती. सासरी दातांचा खर्च नको, म्हणून ही भेट! निरोगी दातही जात. दात म्हणजे पुढे केव्हातरी अंगावर येणारे बिल, ही समजूत एका समाजात इतकी मुरली होती. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि दंतोपचार व कवळ्या विनामूल्य झाल्या. लोकांची रीघ लागली. आयुष्यभर साचलेले दुखणे एकदम दारात आले आणि खर्चाचा अंदाज कोलमडला. एप्रिल १९५१ मध्ये, कोरियन युद्धामुळे शस्त्रास्त्रांवरचा खर्च वाढत असताना, अर्थमंत्री गेट्स्केल यांनी कवळ्या आणि चष्मे यांच्यावर शुल्क लावले. आरोग्य सेवेचे जनक अन्युरिन बेव्हन यांनी त्यावर मंत्रिपद सोडले; पुढे पंतप्रधान झालेले हॅरॉल्ड विल्सनही त्यांच्यासोबत बाहेर पडले. कवळीच्या अर्ध्या किमतीवरून मंत्रिमंडळ फुटल्याचे दुसरे उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. १९६८ च्या पाहणीत इंग्लंड व वेल्समधील ३७ टक्के प्रौढांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता.

आपल्याकडे दंतवैद्यकाचा कायदाही १९४८ सालीच झाला. त्याने नोंदणी सक्तीची केली. पदवी नसलेल्या, पण किमान पाच वर्षे याच व्यवसायावर पोट भरणाऱ्या जुन्या मंडळींसाठी नोंदवहीत 'ब' भाग ठेवला. शिकवण्याची सोय त्याआधीच झाली होती. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले आणि त्याच्या खर्चासाठी 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचे आइस्क्रीमचे दुकान चालवले. साखरेनेच दातांच्या विद्येचा खर्च भागवला, यापेक्षा रास्त भरपाई कोणती? मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे. अशा महाविद्यालयांत आजही थोडक्या पैशांत काम होते. किंमत वेळाने मोजावी लागते. आम्ही स्वतः एका दंत महाविद्यालयात दाढ भरून घेतली ती तीन खेपांत. विद्यार्थिनीचा हात थरथरत होता आणि मागे उभे असलेले तिचे प्राध्यापक दर दोन मिनिटांनी "थांब" म्हणत होते. भरलेली दाढ अजून उत्तम आहे. मात्र प्रत्येक खेपेला अर्धा दिवस रजा मिळणारी आमच्यासारखी नोकरी हवी. आमच्या मेडिक्लेम पॉलिसीत दातांचे उपचार अपघात वगळता समाविष्ट नाहीत. दात हा शरीराचा भाग नसून मालकाने हौसेने बसवलेली वस्तू आहे, असे पॉलिसी लिहिणाऱ्याचे मत असावे.

हे सगळे वाचून झाल्यावर आम्ही आईला लग्नाआधीच्या त्या कवळ्यांविषयी सांगितले. तिला त्यात नवल वाटले नाही. उजवीकडच्या खालच्या दाढेची मोकळी जागा बोटाने दाखवून ती म्हणाली, "ही तुझ्या एम.ए.च्या पहिल्या वर्षीची." तेव्हाही दोन आकडे सांगितले गेले होते. त्याच आठवड्यात वसतिगृहाचे पैसे भरायचे होते. तिने शाळेतून परतताना दाढ काढून घेतली आणि घरी कोणाला सांगितले नाही. दोन दिवस पेज प्यायली, ती उपास म्हणून. चोवीस वर्षे आम्ही तिच्यासमोर बसून जेवत आहोत. ती डाव्या बाजूने चावते हे आम्ही पाहिले होते. का, हे विचारले नव्हते.

या वेळची दाढ मात्र डावीकडची होती. म्हणून आम्ही हट्ट धरला. पुष्कळ बोलाचाली झाली, आणि शेवटी तिने रूट कॅनालला होकार दिला तो पैसे दोन हप्त्यांत देण्याच्या अटीवर, आणि पहिला हप्ता तिच्या पेन्शनमधून. पहिल्या बैठकीला डॉक्टरबाईंनी हिरडीत सुई टोचली, दहा मिनिटे थांबल्या, ओठ जड झाला का विचारले. आईने मान हलवली. मग तोंड वाकडे झालेले असतानाच तिने अडखळत विचारले, "या इंजेक्शनचे वेगळे किती?"

"त्याचे काही नाही, आजी," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी यंत्र सुरू केले.